मनोरमेची आई

परदेशीं निघालेल्या माणसाला वाटखर्चाची आणि सामानाची काळजी असते. लहान मूल कडेवर घेऊन निघालेल्या आईला आणखी एक काळजी असते. परत येतांना हें मूल आपलें राहील काय? आज अनेक मराठी घरांतील मुलें सातासमुद्रांपलीकडे वाढत आहेत, म्हणून हा प्रश्न नवा वाटतो. पण १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंपुढें तोच प्रश्न उभा होता.

प्रवास रमाबाईंना जन्माबरोबरच लाभला. १८५८ सालीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविलें होतें. त्याच लक्ष्मीबाईंनीं पुढें ती विद्या मुलीला दिली. तीर्थामागून तीर्थ करावें, पुराण सांगावें, मिळेल त्यावर राहावें, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळांत आई, वडील आणि वडील बहीण तिघेंही गेलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास पायीं उत्तरेकडे निघाले. झेलमच्या कांठीं अंगावर घ्यावयास पुरेसें पांघरूण नव्हतें. तेव्हां दोघांनीं खड्डे खणले, त्यांत निजून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ज्या तरुणीला 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविलें, तिची पाठशाळा ही अशी होती.

१८८० सालीं श्रीनिवासही वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. तो जातीबाहेरचा विवाह होता. एप्रिल १८८१ मध्यें मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें बिपिनबाबूंचा अंत झाला. तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. त्याच पुस्तकाच्या उत्पन्नांतून विलायतेचें भाडें भागलें. वैद्यक शिकावें ही इच्छा होती, परंतु कानांनीं दगा दिला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहिल्या आणि सप्टेंबर १८८३ मध्यें मायलेकींनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

इकडे स्वदेशांत लोक म्हणाले, बाई गेली. तिकडे मठांत वाटलें, बाई आतां सर्वस्वीं आपली झाली. दोघांचाही अंदाज चुकला होता. मठाच्या भगिनींशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं महाराष्ट्रांत पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. त्यांत ही गोष्ट स्पष्ट दिसते. रमाबाई इंग्लंडांतही शाकाहारीच राहिल्या. ज्यांत अंडें घातलें आहे असें पक्वान्नही त्या घेत नसत. भगिनी जेराल्डीन यांना हा जातीचा अभिमान वाटला. रमाबाईंनीं उलट विचारलें कीं, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्यें येऊन राहिली आणि कोणास उपद्रव न देणाऱ्या आपल्या चालीरीती तिनें सोडल्या नाहींत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेलें तिला आवडेल काय? क्रूसावर लॅटिन शब्द असावेत, हेंही त्यांना पटेना. हिंदी माणसाला लॅटिन परकी, मग आपलें संस्कृत कां नको? धर्म घेतला म्हणून ताट, वेष आणि भाषा हीं त्याबरोबर गहाण पडतात, हें त्यांनीं मान्य केलें नाहीं.

पण खरी परीक्षा मुलीवरून झाली. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयांत शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. मनोरमा मात्र बराच काळ वाँटेजला भगिनींच्या सांभाळांत होती. भगिनींची माया खरी होती, यांत संशय नाहीं. आजारपणीं, हट्टाच्या वेळीं मुलीला त्यांनींच जपलें. म्हणूनच वाद अवघड झाला. ज्या हातांनीं मुलीला खाऊं घातलें त्या हातांना 'नाहीं' म्हणणें सोपें नसतें. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयीं रमाबाईंच्या मनांत शंका होत्या. जें आपल्याला पटलें नाहीं तें मुलीकडून घोकून घेऊं नये, असें त्यांनीं बजावलें. मुलीला घडविण्याचा अधिकार उपकाराच्या मोबदल्यांत देतां येत नाहीं, ही त्यांची भूमिका होती. आपण हिंदुस्थानची कन्या आहों हें सांगतांना मुलीला कमीपणा वाटूं नये, आपल्या लोकांचें नांव निघतांच तिनें लाजेनें मान खालीं घालूं नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

१८८६ सालीं दूरच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाकरितां रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षें अमेरिकेंत हिंडल्या. १८८९ सालीं प्रसिद्ध झालेलें तेथील प्रवासवर्णन त्यांनीं मराठींत लिहिलें. त्यांत स्त्रियांच्या संस्थांचें भरभरून कौतुक आहे, पण काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही त्यांनीं झांकून ठेविलेली नाहीं.

मार्च १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढें तें पुण्यास आलें. १८९३ सालीं धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलें आणि सल्लागार मंडळींनीं हात काढून घेतला. मठाला जी फार हिंदु वाटली होती, ती पुण्याला फार ख्रिस्ती वाटली. दोन तीरांवर पाय ठेवणाऱ्याला दोन्ही तीरांचा धक्का बसतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत मात्र त्या मध्यप्रांतांत धांवल्या आणि शेंकडों निराधार मुलीबाळींना घेऊन आल्या. उपाशी मुलीची नजर त्यांना कोणी समजावून द्यावयास नको होती. केडगांवचें मुक्ति सदन त्यांतूनच वाढलें.

आणि मनोरमा? इंग्लंडांत वाढलेली, पुढें अमेरिकेंतही शिकलेली ही मुलगी स्वदेशीं परतली आणि केडगांवीं, अनाथ मुली व विधवा यांच्यामध्यें, आईचा उजवा हात झाली. ज्या लोकांत तिनें राहावें म्हणून आई भांडली होती, त्यांच्याचसाठीं तिनें आयुष्य वेंचलें. जुलै १९२१ मध्यें, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, आईच्या आधींच ती गेली. रमाबाई तेव्हां बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर पुरें करीत होत्या. शोक उराशीं धरून त्यांनीं तें काम तडीस नेलें आणि एप्रिल १९२२ मध्यें डोळे मिटले. परक्या देशांतून आणलेला धर्म त्यांनीं शेवटीं आईच्या तोंडून ऐकलेल्या भाषेंतच मांडला.