वसुलीपर्यंतची वकिली



कौटुंबिक कायद्यावरच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या एका बाईला दिलेत. घटस्फोट आणि पोटगीची खरी लढाई कुठे होते, हे तुम्ही ओळखले आहे असा मी त्याचा अर्थ घेते. आज मी आपल्या व्यवसायाचा गौरव करणार नाही. वकील नेमायला आपल्या दारात येणाऱ्या माणसाच्या जागी उभी राहून मी बोलणार आहे.

ही माणसे आपल्याकडेच का येतात? याला सोयीबरोबर कायद्याचेही कारण आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात २००३ साली कलम १९ मध्ये भर पडली आणि पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येऊ लागला. पोटगीच्या अर्जालाही हीच मुभा आहे. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. त्याचा अर्ज तिच्या राहत्या जिल्ह्यात चालतो. लग्न पुण्यात लागले, संसार पिंपरीत झाला, आणि नवऱ्याने घालवून दिल्यावर ती माहेरी परतली ती आपल्या तालुक्याला. कायद्याने तिचा खटला तिच्यामागोमाग माहेरी आणून ठेवला आहे. मोठ्या शहरांतून कौटुंबिक न्यायालये आहेत, समुपदेशक आहेत. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणूनही मानलेला नाही. आपल्याकडे पोटगीसाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, घटस्फोटासाठी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, आणि दोन्ही ठिकाणी तिच्या बाजूने बोलायला फक्त आपण. तिला समुपदेशन करायचे तर आपणच करायचे, आणि मुलाच्या शाळेचा दाखला कुठून मिळेल हेही आपणच सांगायचे.

या कामाला परंपरा आहे. १९४७ साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तो देशभरचा कायदा येण्याच्या आठ वर्षे आधी. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पण आपल्याला जवळचे उदाहरण संगमनेरचे आहे. १९८८ साली तिथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्रासमोर ठेवणाऱ्या या कामात ॲड. निशा शिवूरकर पुढे होत्या, आणि त्या वकिली करतात त्या संगमनेरातच. तालुक्याच्या वकिलाला किती दूरपर्यंत जाता येते ते त्यांनी दाखवले.

आता वकील नेमण्याविषयी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे आपल्याला जाहिरात करता येत नाही. म्हणून गरजू माणूस ओळखीतून येतो. चुलतभावाची जमिनीची केस ज्यांनी चालवली ते वकील, मामाच्या गावचे वकील, सरपंचाने सुचवलेले वकील. यात वावगे काही नाही. पण जमिनीच्या दाव्यात नावाजलेला वकील पोटगीच्या अर्जात तितकाच चांगला असेल असे नाही. म्हणून मागे बसलेल्या नागरिकांना मी सांगते, वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा: पोटगीचे अर्ज तुम्ही स्वतः चालवता की ज्युनिअरकडे देता? अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी देणार का? आदेश झाल्यावर वसुलीचे काम तुम्हीच कराल ना? जो वकील या प्रश्नांनी रागावेल, त्याच्याकडून उठून या. तो उद्या तारखेला काय झाले हे विचारल्यावरही रागावेल.

पहिल्या भेटीला बाई क्वचितच एकटी येते. बरोबर वडील असतात, भाऊ असतो, कधी गावातले पुढारी. बोलतात तेच. ती खाली पाहत बसते. अशा वेळी बाकीच्यांना नम्रपणे बाहेर चहाला पाठवणे हे वकिलाचे पहिले काम आहे, आणि कारकुनालाही त्यांच्यासोबत पाठवावे. तिला नांदायला परत जायचे आहे की सुटका हवी आहे, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय अर्ज लिहायला घेऊ नये. वडिलांना इभ्रतीची काळजी असते, भावाला आपल्या घरातल्या जागेची. तिला स्वतःला काय हवे ते या दोघांच्या म्हणण्यापेक्षा अनेकदा वेगळेच निघते. छोट्या गावात बातमी एसटीच्या आधी पोहोचते, म्हणून गुप्ततेचे दडपण आपल्यावर शहरातल्या वकिलापेक्षा अधिक आहे. विवाह कायद्याचे कलम २२ सुनावणी बंद दाराआड घ्यायला सांगते. न्यायालय दार बंद करते आणि बाररूममध्ये मात्र तीच हकिकत चवीने सांगितली जाते, हे थांबले पाहिजे.

तालुक्याच्या वकिलाची खरी ताकद कुठे आहे, यावर मी थोडी रेंगाळणार आहे. ४ नोव्हेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आपण सगळे वापरतो. हा खटला आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून गेलेला. तिथे ऑगस्ट २०१३ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला सुरुवातीला ५,००० रुपये अंतरिम पोटगी मिळाली होती. पुढची सात वर्षे ते प्रकरण थकबाकीसह वर चढत राहिले. त्या निकालाने ठरवून दिले की दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता आणि देणी शपथेवर उघड करायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्या प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुनाच निकालाला जोडला आहे. खेदाने सांगते, आपल्याकडे कित्येक फायलींत शेतकरी नवऱ्याचे प्रतिज्ञापत्र नोकरदाराच्या नमुन्यावर भरलेले दिसते. पगार: निरंक. झाले, संपले.

नवरा कोर्टात सांगतो, मी बेकार आहे, शेती वडिलांच्या नावावर आहे. शहरातला वकील इथे अडतो, कारण त्याला पगारपत्रक हवे असते. आपल्याला माहीत असते की सातबारावर नाव वडिलांचे असले तरी ऊस कारखान्याला कोणाच्या नावाने जातो, दूध डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी कोणाच्या खात्यात पडते, ट्रॅक्टरचे कर्ज कोणी उचलले आणि हप्ते कोण फेडतो. आठ-अ चा उतारा, ई-पीक पाहणीतली नोंद, सोसायटीचा कर्जखाते उतारा, पतसंस्थेतली ठेव: हे सगळे मागवता येते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र याच कागदांपुढे उघडे पडते. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाची उचलही उत्पन्नच आहे. खरोखर काहीच नसले तरी धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसले पाहिजे, हे अंजू गर्ग प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले आहे. सावंतवाडी-बांद्याकडच्या मित्रांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. मुलगी गोव्यात दिली असेल तर तिथे हिंदू विवाह कायदा नाही, १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोटाचा कायदा आहे. वेगळा करार नसेल तर विवाहाने पतीपत्नी मालमत्तेचे समाईक मालक होतात. सीमेपलीकडच्या सहकाऱ्याला विचारल्याशिवाय तिथला दावा अंगावर घेऊ नये.

फीविषयी स्पष्ट बोलते. किती घेणार, कशाची घेणार, टायपिंग आणि नोटीस त्यात धरली आहे की नाही, हे कागदावर लिहून द्या आणि दिलेल्या पैशाची पावती द्या. मिळणाऱ्या पोटगीत किंवा एकरकमी रकमेत टक्केवारी ठरवणे नियमांनी निषिद्ध आहे, तरीही ती ठरवली जाते. मुलांच्या जेवणातला तो वाटा आहे, आणि तो घेणाऱ्याला माझ्या मनात जागा नाही. फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवण्याचाही अधिकार आपल्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात नाकारला. दुसरा वकील करायचा असेल तर ना हरकत सही आणि कागद एकाच दिवशी मिळाले पाहिजेत. आणि ज्या बाईकडे पैसेच नाहीत तिला हे सांगायचे टाळू नका की १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय न्यायालयाच्याच आवारात आहे, १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो, आणि महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट-पोटगीसाठी स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

आपला वकील समोरच्या वकिलाबरोबर चहा पिताना दिसला की पक्षकाराच्या पोटात गोळा येतो. वकील फुटला, असे ती घरी जाऊन सांगते. एवढ्याशा बारमध्ये आपण रोज एकत्र बसणारच. मग पहिल्याच भेटीत तिला समजावून सांगा की आमची मैत्री वेगळी आणि तुझे काम वेगळे. मात्र नवरा आधी तुमच्याकडे सल्ल्याला येऊन गेला असेल, तर तिचे वकीलपत्र घेऊ नका. नियम तेच सांगतो. दोन्ही घराणी ओळखीची आहेत म्हणून मध्यस्थी करावी असे वाटत असेल तर मध्यस्थीच करा, मग कोणाचेही वकील होऊ नका.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकाच वकिलाने दोघांचा अर्ज लिहायची पद्धत सगळीकडे आहे. स्वस्त पडते, हे खरे. तरी मी म्हणेन की तिचा वकील वेगळा असावा, निदान अटी वाचण्यापुरता. ‘पुढे पोटगीचा हक्क सोडला’ या ओळीवर घाईने सही होते आणि रकमेचा चेक नंतर मिळेल असे सांगितले जाते. रक्कम न्यायालयासमोर हातात पडल्याशिवाय शेवटचा जबाब होऊ देऊ नका. हुकूमनामा होईपर्यंत तिला संमती मागे घेता येते, हेही तिला माहीत हवे. मुलांची पोटगी तर आईलाही सोडता येत नाही. आणि स्टॅम्प पेपरवरची नोटरीपुढची फारकत? जिथे समाजाची रूढी सिद्ध होते तो अपवाद सोडला तर त्या कागदाने लग्न मोडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी विभागाने नोटरींना असे दस्त करू नका म्हणून बजावले आहे. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न झालेल्या मुली पुढे आपल्याच पायऱ्या चढतात.

नवऱ्याचे वकीलपत्र घेणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. त्याला उत्पन्न लपवायला शिकवू नका. थकबाकी साचली की तोच अटकेच्या वॉरंटपुढे उभा राहतो आणि वकील दुसऱ्या कोर्टात असतो. आणि तिच्या वकिलाने सवयीने एकाच दिवशी चार कायद्यांखाली चार अर्ज टाकू नयेत. जिथे मारहाण आहे तिथे फौजदारी तक्रार आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण मागावेच. पण जिला फक्त महिन्याचा खर्च हवा आहे तिच्या सासू-नणंदेला आरोपी करून समेटाची उरलेली वाट बंद करणे ही तिची सेवा नव्हे.

शेवटी वसुली, ज्यासाठी मी इतका वेळ बोलले. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे नागरिक सुरक्षा संहिताच म्हणते. तो रेटला पाहिजे. पण आदेश मिळाला की वकिलाचे काम संपले असे आपण मानतो, आणि तिथेच ती बाई हरते. थकलेली पोटगी ज्या तारखेला देय झाली त्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दिला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि तुरुंगात जाऊन आला तरी रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या कुलदीप कौर निकालाने सांगितले. ही मुदत पक्षकार बाईला माहीत नसते. वकिलाच्या डायरीत ती लिहिलेली असलीच पाहिजे.

म्हणून खुल्या अधिवेशनापुढे मी हा ठराव ठेवते. प्रत्येक तालुका वकील संघाने पोटगी वसुलीची नोंदवही ठेवावी. तिच्यात आदेशाची तारीख, दरमहाची रक्कम, शेवटचा भरणा आणि वर्षाची मुदत संपण्याचा दिवस लिहिलेला असावा. मुदतीच्या दोन महिने आधी संबंधित वकिलाला संघाच्या सचिवाने लेखी कळवावे. वकिलाने काम सोडले असेल किंवा तो हयात नसेल तर ते प्रकरण विधी सेवा समितीकडे सोपवावे. वकीलपत्रासोबत फीचा लेखी तपशील देण्याची पद्धत याच वर्षी सुरू व्हावी. ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी आपल्या तालुक्याचे नाव सांगावे, म्हणजे नोंदवहीची जबाबदारी कोणाकडे ते आजच लिहून घेता येईल.