गटाच्या टॅबचे सिम बदलताना

मी कापूरहोळहून बोलतेय, तुमची बचत गटांची समन्वयक. अलीकडे बैठकीला कुठेही गेले की हिशोब संपता संपता एक प्रश्न येतोच. “ताई, टॅबला नेटच येत नाही. कंपनी बदलायची का?” आज त्यावरच बोलू.

विषय किरकोळ नाही. आपल्या राज्यात गटांचे हिशोब वहीतून ॲपवर आणायची सुरुवात नाबार्डच्या ई-शक्ती प्रकल्पातून २०१५ साली धुळे जिल्ह्यात झाली. आता उमेदच्या गटांच्या नोंदी लोकओएस ॲपवर होतात. बचत किती, कर्ज कोणाला, हप्ता कोणाचा आला, सगळे त्यात. नोंद वर चढली नाही तर वही एक सांगते आणि ॲप दुसरेच. कर्जाची फाइल पुढे गेली की तो फरक कोणीतरी दाखवतो. मग वेळेवर हप्ता भरणाऱ्या बाईलाही उत्तरे देत बसावे लागते.

आता पहिली गोष्ट. दोष कंपनीचाच आहे का, ते बघा. रिचार्ज संपलाय का? रोजचा डेटा मुलांच्या व्हिडिओत उडालाय का? टॅब एकदा बंद करून चालू केला का? एवढे करूनही नेट येत नसेल तर टॅबमधले सिम काढून कोणाच्या तरी मोबाइलमध्ये घाला. तिथे नेट चांगले चालले तर दोष टॅबचा किंवा त्याच्या सेटिंगचा. तिथेही चालले नाही तर मात्र कंपनी बदलायचा विचार करा.

दुसरी गोष्ट, कोणती कंपनी? इथे जाहिरात ऐकू नका, आणि पाहुण्यांचेही ऐकू नका. शितावरून भाताची परीक्षा होते, नेटवर्कची होत नाही. कापूरहोळ हायवेवर आहे, इथे बहुतेक सगळ्यांचे नेट मिळते. पण भोरवरून पुढे वेळवंड खोऱ्यात जा, हिरडस मावळात जा, वेल्ह्याच्या बाजूला जा. एका वाडीत येणारे नेट डोंगराच्या आडच्या दुसऱ्या वाडीत येत नाही.

म्हणून परीक्षा आपल्याच बैठकीत घ्या. आपल्यात कोणाकडे एका कंपनीचे सिम असते, कोणाकडे दुसऱ्या. बैठक जिथे भरते तिथेच, बैठकीच्याच वेळेला, एकेकीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि टॅब त्याला जोडा. ॲप उघडा, एखादी नोंद वर चढवून बघा. ज्या फोनवर काम पटकन झाले ती आपली कंपनी. एका दिवसावर जाऊ नका, दोन बैठका बघा. शिवाय कोणत्या भागात नेटवर्क आहे याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर टाकायचे, असे ट्रायने सांगितले आहे. तेही मुलीला उघडून दाखवायला सांगा. पण शेवटचा शब्द बैठकीतल्या परीक्षेचा.

तिसरी गोष्ट, आपला टॅब ते सिम घेईल का? काही टॅब फक्त वायफायवर चालतात, त्यांना सिमची जागाच नसते. काही टॅब जुने, फक्त ३जी चालणारे असतात. जिओचे जाळे २०१६ पासून ४जीचेच आहे आणि एअरटेलने आपले ३जी २०२० पर्यंत बंद केले. तिथे असा टॅब उपयोगाचा नाही. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर अनेक जण बीएसएनएलकडे वळले. त्यांचे देशी बनावटीचे ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झाले. ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झ या लहरींवर चालते, आणि जुन्या टॅबमध्ये ७०० ची सोय नसू शकते. हे आकडे पाठ करायची गरज नाही. दुकानात जाताना टॅब सोबत न्या, दुकानदाराचे चालू सिम त्यात घालून बघायला सांगा, मगच पैसे काढा.

चौथी गोष्ट, नंबर ठेवायचा की नवा घ्यायचा? टॅबमधल्या सिमचा उपयोग फक्त नेटपुरता असेल, तो नंबर कुठेच दिला नसेल, तर सरळ दुसऱ्या कंपनीचे नवे सिम घ्या. पण त्या नंबरवर ॲपचा ओटीपी येत असेल, बँकेत तो दिला असेल, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. याला पोर्ट करणे म्हणतात. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. बँकेत दिलेला नंबर नुसता सोडून देऊ नका. वापर नसलेला नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. मग आपल्या गटाचा ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर जाईल.

आता पोर्ट कसे करायचे ते सांगते, लिहून घ्या. बऱ्याच टॅबमधून मेसेज जात नाही, म्हणून सिम आधी साध्या मोबाइलमध्ये घाला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पी, ओ, आर, टी लिहा, एक जागा सोडा, पुढे तो दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा एक कोड येईल. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तेवढ्यात तो कोड आणि आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. राज्यातल्या राज्यात तीन कामाच्या दिवसांत नंबर बदलून मिळायला हवा. जुने सिम बंद पडेपर्यंत काढू नका. ते बंद पडले की नवे घाला. मधे काही तास नेट नसते, त्यामुळे बैठकीचा दिवस टाळा. नवे सिम घातल्यावर नेट आले नाही तर टॅबच्या सेटिंगमध्ये नव्या कंपनीचे एपीएन लागते, ते दुकानातूनच बसवून घ्या.

काही अटीही आहेत. सध्याच्या कंपनीत नंबरला ९० दिवस झालेले असावेत. सिम हरवून नवे घेतले असेल तर सात दिवस थांबावे लागते. जुन्या रिचार्जचे उरलेले पैसे आणि डेटा नव्या कंपनीकडे येत नाही, म्हणून पॅक संपत आला की अर्ज करा. आणि तो कोड फोनवर कोणी मागितला तर देऊ नका, मग तो माणूस कंपनीचा असो की बँकेचे नाव सांगणारा. तो कोड म्हणजे आपल्या नंबरची किल्ली.

आता शेवटचे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते. सिम कोणाच्या नावावर आहे? कित्येक गटांत टॅब गटाचा, रिचार्ज गटाच्या पैशातून, पण सिम कोणाच्या तरी मालकाच्या नाहीतर मुलाच्या नावावर. ज्याच्या नावावर सिम, त्यालाच पोर्ट करता येते. त्यालाच ते बंद करता येते आणि दुसरे काढता येते. उद्या तो कामाला पुण्याला गेला, किंवा घरात काही बिनसले, तर गटाचे काम अडते. म्हणून कंपनी बदलायच्या आधी ते सिम अध्यक्ष किंवा सचिव ताईंच्या नावावर करून घ्या. पोर्ट नंतर. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. प्रत्येकीने एकदा जरूर बघा.

भाकरी फिरवली नाही तर करपते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण फिरवायच्या आधी आपण तवा बघतो, आच बघतो. तेवढेच इथे करायचे आहे. पुढच्या बैठकीत तीन ओळींचा ठराव लिहा: सिम कोणाच्या नावावर राहील, रिचार्ज कोणत्या तारखेला होईल, आणि कंपनी बदलायची तर परीक्षा कोण घेईल. त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. पदाधिकारी बदलले की सिमचे नावही बदलायचे, हे त्यातच लिहून ठेवा.

काही अडले तर बैठकीत विचारा, टॅब आणि सिम दोन्ही सोबत आणा. चला, येते. नमस्कार!