रानडुकरासाठी काडतूस निवडताना



हरभरा घाट्यावर आला की दर्यापूर तालुक्यातल्या कास्तकाराची झोप जाते. दिवसभर वावरात राबायचे आणि रात्री जागलीला जायचे. पहाटे डोळा लागला की तेवढ्यात डुकरांचा कळप येतो आणि अर्धा एकर नांगरल्यासारखा उकरून जातो. हे दुःख मी कागदावर वाचलेले नाही. पंचनाम्याच्या वेळी तुमच्या धुऱ्यावर उभे राहून पाहिलेले आहे. म्हणून आजचा विषय थोडा वेगळा घेतला आहे. ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्यांनी तिच्यात कोणते काडतूस घालावे आणि कोणते घालू नये, एवढेच आज बोलायचे आहे.

मागच्या हंगामात एका तरुण शेतकरी भावाने मला मोबाइलवर अमेरिकेतल्या बंदुकीचे चित्र दाखवले. म्हणाला, "साहेब, ही तीनशे मीटरवरून नेम धरते. आपल्याकडे का नको?" प्रश्न चुकीचा नाही. तिकडे कुरणात बिळे करणारी प्रेअरी डॉगसारखी लहान जनावरे लांबून टिपण्यासाठी हलकी आणि अतिवेगवान गोळी वापरतात. १९६५ साली बाजारात आलेले पॉइंट बावीस-अडीचशेचे काडतूस त्याच जातीचे. त्याची गोळी सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने सुटते. पण ती गोळी ससाएवढ्या जनावरासाठी आहे, ऐंशी-शंभर किलोच्या एकऱ्या डुकरासाठी नाही.

दुसरे म्हणजे आपला मुलूख पाहा. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा तळहातासारखा सपाट आहे. टेकडी नाही, उंच बांध नाही. गोळी जनावराला लागली नाही, तर तिला अडवणार कोण? पॉइंट तीनशे पंधराच्या रायफलीची गोळी तीन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. लहानशी पॉइंट बावीसची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते. तेवढ्यात आपल्याकडे दुसऱ्या गावची पांदण येते आणि त्या पांदणीत कोणाचा तरी पोरगा जागलीला निघालेला असतो.

कायद्याचेही तसेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची, वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. म्हणजे आपली नेहमीची बारा बोर. तेव्हा रायफलीचा विचार सोडा. बारा बोरचे काडतूस नीट निवडले, तर आपले काम त्यात भागते.

बारा बोर म्हणजे काय, ते एकदा समजून घ्या. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर. हे माप सुमारे साडेअठरा मिलिमीटरचे आहे. वीस बोरमध्ये गोळ्या वीस होतात, म्हणून नळी बारीक. म्हणजे आकडा वाढला की माप घटते. छर्ऱ्यांच्या नंबराचेही असेच उलटे आहे. सहा नंबरचा छर्रा अडीच मिलिमीटरच्या थोडा वर असतो, चार नंबरचा तीन मिलिमीटरचा. ट्रिपल ए पाच मिलिमीटरचा, एस.जी. सव्वाआठच्या वर आणि एल.जी. नऊ मिलिमीटरचा. एका औंसात एस.जी.चे आठ छर्रे बसतात, एल.जी.चे सहाच.

आता डुकराला कोणता? सहा नंबर आणि चार नंबर हे पाखरांचे छर्रे. ते डुकराच्या कातडीत अडकतात, आत जात नाहीत. जनावर मरत नाही, पण पिसाळते. दुसऱ्या दिवशी निंदायला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर तेच येते. ट्रिपल ए पुष्कळ जण घेतात, कारण छर्रे जास्त आहेत म्हणजे नेम आपोआप लागेल असे वाटते. मोठ्या डुकराला तोही कमीच पडतो. माझे मत एस.जी.कडे आहे. एल.जी.चा छर्रा जास्त जड खरा, पण संख्या कमी असल्यामुळे लांबवर त्यांच्यामध्ये मोठी फट पडते. बारा बोरचे एस.जी. पस्तीस पावलांच्या आतच वापरा. त्यापुढे छर्रे पांगतात आणि मर्माच्या जागी एखाददुसराच लागतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका, तुमच्याच बंदुकीवर पाहा. दोन सारख्या दिसणाऱ्या बंदुकांची फेक सारखी नसते. दोन नळ्यांच्या बंदुकीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी तोंडाशी आवळलेली, म्हणजे चोकची असते. जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून मोठा कागद करा आणि कोळशाने मधोमध जेवणाच्या ताटाएवढे वर्तुळ काढा. वीस, तीस आणि चाळीस पावलांवरून प्रत्येक नळीने एकेक बार काढून भोके मोजा. ताटात निदान तीन छर्रे जिथवर येतात, तिथवरच तुमच्या बंदुकीचा पल्ला. हा सराव कोठे आणि केव्हा करायचा, ते आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

एकच मोठी गोळी असलेले काडतूसही मिळते. रोह्यासारख्या दोनशे किलोंच्या जनावराला छर्रा मारूच नये. तो जखमी होऊन दोन-तीन कोस निघून जातो आणि कोणाच्या तरी विहिरीत पडून सडतो. तिथे गोळीच लागते. पण ही गोळी एक किलोमीटरहून लांब जाऊ शकते. शिवाय काही जुन्या विलायती बंदुकांच्या नळीवर इंग्रजीत 'गोळीसाठी नाही' असे कोरलेले असते. आवळलेल्या नळीतून चुकीची गोळी गेली की नळी फुगते. सपाट वावरात जमिनीवर उभे राहून गोळीचे काडतूस वापरू नये, असे मी स्पष्ट सांगतो. रोह्याला हाकलणे बरे.

छर्रेही कमी लांब जातात असे समजू नका. ढोबळ मानाने सहा नंबर दोनशे मीटर, ट्रिपल ए चारशे, तर एस.जी. साडेसहाशे मीटरपर्यंत जाऊन पडतो. म्हणून मचाण हवे. दहा-बारा फुटांवर बसून वीस-पंचवीस पावलांवरच्या जनावरावर बार काढला, तर चुकलेले छर्रे त्याच्या मागेच मातीत घुसतात. ओलीची काळी माती त्यांना पोटात घेते. उन्हाळ्यातली कडक जमीन, गोटे आणि पाणी यांवरून मात छर्रे उडतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे बोलतो आहे, ती ऐका. आपल्या भागातल्या पुष्कळ बंदुका आजोबांच्या काळच्या आहेत. त्यांच्या नळीत काडतूस बसण्याचे घर अडीच इंची, म्हणजे पासष्ट मिलिमीटरचे असते. बाजारात पावणेतीन इंची, म्हणजे सत्तर मिलिमीटरचे काडतूसही मिळते. फसगत अशी की ते जुन्या घरातही सहज बसते, बंदूक बंदही होते. कारण काडतुसाची ही लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची असते. बार निघाला की ते तोंड पुढच्या निमुळत्या जागेत उघडते, वाट आवळली जाते, आतला दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. नळी फुटते तिथे आपला डावा हात असतो. एका गावी अशा हाताची दोन बोटे गेलेली मी पाहिली आहेत. त्या भावाने काडतूस चोरीचे नव्हते घेतले, रीतसर दुकानातून घेतले होते. फक्त लांबी कोणी विचारली नाही आणि कोणी सांगितली नाही. तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचा आणि बंदुकीच्या घराचे माप परवानाधारक कारागिराकडून काढून घ्या. बंदूक सत्तरची असली तर पासष्टचे चालते. पासष्टच्या बंदुकीत सत्तरचे चालत नाही.

घरात वीस बोरची काडतुसे असतील, तर ती बारा बोरच्या पट्ट्यात कधीही मिसळू नका. अंधारात वीसचे काडतूस बारात घातले की ते घसरून पुढे अडकते. आपल्याला वाटते बंदूक रिकामी आहे, म्हणून मागून बाराचे घालतो. मग नळी फुटतेच. ठासणीच्या बंदुकीत काळी दारूच भरावी, काडतूस फोडून काढलेली दारू भरू नये. आणि आपली काळी माती! नळीचे तोंड धुऱ्याला टेकले की चिखलाचा बूच बसतो. बार काढण्यापूर्वी बंदूक मोडून नळीतून आरपार पाहा. आवाज फुस्स आला तरी तसेच पाहा, आत बूच राहिलेला असतो. चाप ओढूनही बार झाला नाही, तर तोंड जमिनीकडे धरून अर्धा मिनिट थांबा. पावसाळ्यात फुगलेली जुनी कागदी काडतुसे ठोकून बसवू नका.

रात्री बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले की लोक बार काढतात. डुकराचे डोळे फारसे चमकत नाहीत. गाय, वासरू, कुत्रा, रोही आणि हरीण यांचे डोळे लखलखतात. म्हणजे चमक लख्ख असेल, तर ते बहुधा डुक्कर नाहीच. माणसाचे डोळे तर चमकतच नाहीत. अंग पूर्ण दिसल्याशिवाय बोट चापावर नेऊ नका.

परवानगीचे थोडक्यात सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली, उभ्या पिकाला धोका असेल, तर अधिकृत वनअधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती हातात आल्यावरच जागलीवर काडतूस भरा. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा. काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊच नका. तीन ते सात वर्षे कैद आहे. बंदूक परवान्यावर ज्याचे नाव त्यानेच वापरायची. सालदाराच्या हाती देऊन त्याला मचाणावर पाठवू नये. मारलेले जनावर सरकारचे असते, त्याचे वाटे घालायचे नसतात. ते जागेवरच ठेवून वनरक्षकाला कळवा.

आणि बंदूक असो वा नसो, नुकसान दिसले त्याच दिवशी वनखात्याकडे अर्ज टाका, पंचनामा होईपर्यंत वावर तसेच राहू द्या. उकरलेला हरभरा आवरून टाकला की आम्हाला मोजायला काही उरत नाही. कुंपणात घरची वीज सोडू नका, त्यात माणसे मरतात. सौर कुंपणाचा झटका वेगळा असतो, त्याची माहिती पुढच्या वेळी सांगेन.