आरोग्यसेवेचं शिक्षण : पहिल्या वर्षाची तयारी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगतो. रविवारी सकाळी अभ्यासिकेत बसणारी आम्ही पाच-सहा माणसं. कोणी परिचारिका, कोणी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये, कोणी औषधनिर्माता, एक जण अजून शिकतो आहे. आमच्यात मोठा डॉक्टर कोणी नाही. तरी समितीने आम्हालाच बोलायला सांगितलं, कारण बारावीचा निकाल लागला की वस्तीतली मुलं आमच्याकडेच येतात आणि विचारतात, "दादा, ताई, आता काय करू?" आमचं म्हणणं असं की हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. आणि एकदा प्रवेश मिळाला की पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही. पेढे वाटले, स्टेटसला फोटो टाकला, संपलं. खरी परीक्षा तर तिथून पुढे असते.

आपल्या कांदिवली पश्चिमेला महानगरपालिकेचं रुग्णालय आहे. त्याचं नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, आपण सवयीने शताब्दी म्हणतो. कोणा नातेवाइकाला घेऊन आपण सगळेच तिथे कधी ना कधी गेलो आहोत. पण रांगेत उभं असताना आपण डॉक्टरची खोली तेवढी बघतो. पुढच्या वेळी जरा नीट बघा. केसपेपर निघाला, डॉक्टरने तपासलं, पुढे? रक्त काढणारा वेगळा, ते तपासणारा वेगळा. एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ आहे. औषध देणारा फार्मासिस्ट आहे. पाय मोडलेल्याला पुन्हा चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट असते, मधुमेहाच्या पेशंटला काय खावं ते सांगणारी आहारतज्ज्ञ असते. ज्याच्याकडे ऑपरेशनला पैसे नाहीत त्याला ट्रस्टची मदत मिळवून देणारे वैद्यकीय समाजसेवक मोठ्या रुग्णालयांत असतात. आणि चोवीस तास पेशंटच्या उशाशी कोण? परिचारिका. हे सगळे शिकलेले, नोंदणी झालेले लोक आहेत. आपल्या घरात मात्र दोनच शब्द चालतात : डॉक्टर झाला, किंवा नाही झाला.

यातून काय होतं बघा. मुलगा नीट देतो, गुण कमी पडतात, एक वर्ष ड्रॉप घेतो. मग दुसरं वर्ष. घरात एकच खोली, वर पोटमाळा, खाली टीव्ही. क्लासची फी आईने चार घरची कामं करून भरलेली. तिसऱ्या वर्षी तो मुलगा आमच्याशी नजर मिळवत नाही. आमचं स्पष्ट मत आहे की एकदा पुन्हा परीक्षा द्यायला हरकत नाही, तीही गुणांचं अंतर भरून निघण्यासारखं असेल तर. त्यापुढे द्यायचीच असेल तर कुठल्यातरी अभ्यासक्रमात प्रवेश घेऊन द्या, रिकामं बसून नाही. नीटचे गुण फक्त एम.बी.बी.एस.साठी नसतात. आपल्या राज्यात दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी या प्रवेशांनाही तेच गुण धरले जातात. फार्मसीची सीईटी वेगळी, बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी. तीन वर्षांच्या जी.एन.एम. नर्सिंगला तर कला शाखेतून बारावी झालेली मुलगीही पात्र ठरू शकते, हे आपल्या कितीतरी आयांना माहीतच नाही.

आणि जी मुलं साध्या बी.एस्सी.ला आहेत, त्यांनी आपण मागे पडलो असं समजू नये. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र घेतलेल्यांना पुढे लॅब तंत्रज्ञानाच्या पदविका आहेत, सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. केली तर रुग्णालयातलं समाजसेवेचं काम मिळू शकतं; त्यासाठी देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून मुंबईतच आहे. फक्त हे तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर ठरवायचं नसतं. पहिल्या वर्षी विषय निवडतानाच प्राध्यापकांना विचारायचं असतं, की या विषयावर पुढे कुठली दारं उघडतात.

आता एक धोक्याची गोष्ट. रेल्वेच्या डब्यात, स्टेशनच्या भिंतीवर "सहा महिन्यांत नर्स बना, शंभर टक्के नोकरी" असे कागद चिकटवलेले तुम्ही पाहिलेत. आमच्याकडे एक मुलगी आली. दोन वर्षं शिकली, फी हप्त्याने भरली, हातात रंगीत प्रमाणपत्र. रुग्णालयात नोकरीला गेली तर विचारलं, तुमचा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक? तो नव्हताच. ती संस्था कुठल्याच परिषदेच्या मान्यतेत नव्हती. पैसे गेले ते गेलेच, दोन वर्षं कोण परत देणार? म्हणून प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा : हा कोर्स केल्यावर माझी नोंदणी कुठे होईल? नर्सिंगला राज्याची परिचर्या परिषद आहे. औषधनिर्मात्यांची नोंदणी १९४८च्या फार्मसी कायद्याखाली होते. लॅब, एक्स-रे, फिजिओथेरपी अशा शाखांसाठी संसदेने २०२१ मध्ये स्वतंत्र आयोगाचा कायदा केला. पदवीचं कॉलेज असेल तर ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत आहे का, ते बघा. समोरचा माणूस उत्तर देताना चहा मागवायला लागला तर उठून या.

कागदपत्रांचं बोललंच पाहिजे, कारण गुण असूनही जागा जाते ती इथे. जात वैधता प्रमाणपत्र हातात लागतं, आणि ते काढायला महिने जातात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तेव्हा आपले आजोबा-पणजोबा कांदिवलीत कुठे होते? कोणी रत्नागिरीत, कोणी साताऱ्यात, कोणी बुलढाण्यात. म्हणजे दाखला त्या मूळ गावच्या कचेरीतून काढायचा. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, शोधावं लागतं. कधी कधी ती नोंद मोडीत असते, मग मोडी वाचणारा शोधा. वडिलांची किंवा सख्ख्या चुलत्याची वैधता झालेली असेल तर वाट बरीच सोपी होते. हे काम अकरावीत सुरू करा, मे महिन्यात गावी जाल तेव्हाच. देशपातळीवरच्या कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो. १९९० साली घटनेच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यासाठी आपल्या माणसांनी किती वर्षं मोर्चे काढले, हे इथल्या ज्येष्ठांना विचारा. तो हक्क एका झेरॉक्सपायी सोडू नका.

आणखी एक, फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट. आपल्या वस्तीतले पुष्कळ जण कारखान्यांत, कंपन्यांत आहेत आणि पगारातून ई.एस.आय. कापला जातो. कांदिवली पूर्वेला त्याचं रुग्णालयही आहे. या योजनेची आखणी करण्यासाठी १९४३ साली प्रा. अडारकर यांची नेमणूक झाली, तेव्हा मजूर खात्याचा कारभार बाबासाहेबांकडे होता. पुढे १९४८ ला कायदा झाला. आज ई.एस.आय.ची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हैदराबादला आहे, कलबुर्गीला आहे. त्यांत विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवतात. नीट द्यावीच लागते, पण स्पर्धा कामगारांच्या मुलांमध्येच असते. वडिलांचं कार्ड कपाटात पडून असेल तर बाहेर काढा.

लांबच्या गावी नंबर लागला म्हणून प्रवेश सोडणारेही आहेत. विशेषतः मुलींचे. अकोला लांब, लातूर लांब. जरूर लांब आहे. पण सरकारी कॉलेजची जागा आहे. शासकीय वसतिगृह नाही मिळालं तर २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण आणि राहण्याचा खर्च विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. पैसे उशिरा येतात हेही खरं आहे, म्हणून पहिल्या चार महिन्यांची सोय घरून करून ठेवा. विहार समितीने अशा वेळी बिनव्याजी उसने द्यावेत, अशी आमची सूचना आहे आणि ती आम्ही अध्यक्षांसमोरच मांडतो आहोत.

आता प्रवेश मिळालेल्यांसाठी. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय एकदम अंगावर येतात. मराठी माध्यमातून आलेला मुलगा वर्गात पहिले दोन महिने गप्प असतो. त्याला समजतं, पण तोंडी परीक्षेत सांगता येत नाही, आणि गुण तिथे जातात. उपाय एकच आम्हाला सापडला. रोज रात्री एक हाड, एक स्नायू, एक अवयव घ्यायचा आणि दुसऱ्याला मोठ्याने इंग्रजीत सांगायचा. चुकलं तर चुकलं. समोर कोणी नसेल तर आईला सांगा. तिला इंग्रजी कळत नसलं तरी तुम्ही कुठे अडखळलात ते बरोबर कळतं. पहिल्या महिन्यातच मागच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून पुस्तकं घ्या; नवी घ्यायची गरज नाही. हजेरीकडे लक्ष द्या. एम.बी.बी.एस.ला व्याख्यानांची पंचाहत्तर आणि प्रात्यक्षिकांची ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पहिलं वर्ष चार प्रयत्नांत सुटलं नाही तर शिक्षण थांबतं. विरारची लोकल चुकली, हे कारण तिथे चालत नाही.

वॉर्डात जाण्याआधी कावीळ ब ची लस घ्या. तीन डोस असतात. पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे प्रवेश झाल्या झाल्या सुरू केली तरच वेळेत पुरी होते. सुई टोचण्याचे प्रसंग शिकाऊ मुलांवर येतातच.

आणि एक अवघड विषय, पण पालकांसमोर टाळून चालणार नाही. मे २०१९ मध्ये मुंबईतच, नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने जीवन संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला दाखल झाला. "कोट्यातून आलीस ना?" हे वाक्य आपल्या मुलांना कधी ना कधी ऐकावं लागतं. मुलांनो, अशा वेळी एकट्याने गिळू नका. तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं, हे वहीत लिहून ठेवा. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असावीच लागते. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पालकांनो, मुलगी फोनवर "काही नाही, बरं आहे" म्हणाली आणि आवाज बरा वाटला नाही, तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसा. कामाचा खाडा झाला तरी चालेल.

आपण वस्तीतून आलो याचं काही मुलांना ओझं वाटतं. वैद्यकीय अभ्यासक्रमात आता पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची पाहणी करायला लावतात. तिथे बंगल्यातून आलेला विद्यार्थी दारातच घुटमळतो. पाणी किती वाजता येतं, टीबीची गोळी मध्येच का बंद होते, बाई दवाखान्यात का येत नाही, हे आपल्या मुलाला विचारावं लागत नाही. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षं शिकल्यावर गुरूने सांगितलं, सभोवार एक योजन फिर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि गुरू म्हणाले, तुझं शिक्षण झालं. आम्ही ही गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा ती सात वर्षं आधी सांगतो, वनस्पती नंतर.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून अभ्यासिकेत बसू. अकरावी-बारावीच्या मुलांनी आजोबांचे, वडिलांचे जे काही दाखले घरात असतील त्यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद आणू नका, पावसाचे दिवस आहेत. नुकताच प्रवेश मिळालेल्यांनी हजेरीचं वेळापत्रक आणि फीची पावती आणावी, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज तिथेच भरू. आणि ज्यांचे पहिलं वर्ष पार झालं आहे, त्यांनी जुनी पुस्तकं घेऊन यावीत.

जयभीम.