आपल्या कपाटात नसलेली पुस्तके

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पुस्तकांविषयी चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. दुपारची भांडी आवरली की तासभर वाचायचे, हा नेम मात्र बरीच वर्षे चालू आहे. तेवढ्या शिदोरीवर उभी राहिले आहे.

आपल्या मंडळाचे कपाट सगळ्यांनी पाहिले आहे. पाककृती, विणकाम, व्रतकथा, संतचरित्रे, कादंबऱ्या. लोणच्यांच्या पुस्तकावर तर तेलाचे डाग पडले आहेत, इतके ते हातोहाती फिरते. यंदा नवी पुस्तके घ्यायची आहेत. मागच्या बैठकीत मी युद्ध, राजकारण आणि मनुष्याचे शरीर असे तीन विषय सुचवले तेव्हा हशा झाला. “काकू, आम्हांला काय सैन्यात जायचे आहे, की मुडदे फाडायचे आहेत?” असे एकीने विचारले. प्रश्न वाजवी आहे. त्याचेच उत्तर आज देते.

आधी युद्ध. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे नावाचे एक गरीब भिक्षुक होते. घरावर कर्ज झालेले. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली ते काकांबरोबर निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा हे झाशीतच होते. त्यांनी लिहिलेले ‘माझा प्रवास’ हे पुस्तक त्यांच्या पश्चात १९०७ साली छापले गेले.

लढाईचे पुस्तक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नकाशे आणि तोफा येतात. या पुस्तकात तोफा आहेतच, पण त्याहून अधिक घर आहे. शहर पडल्यावर लूट कशी झाली ते वाचा. आधी सोने-नाणे गेले, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडालत्ता, शेवटी धान्य. म्हणजे आपल्या घरात तिजोरीपासून कोठीपर्यंत जो क्रम, त्याच क्रमाने. मी तिथे पुस्तक मिटून आमच्या फळीवरच्या डब्यांकडे पाहत राहिले. लढाई राजवाड्यात हरली जाते आणि स्वयंपाकघरात वसूल होते, हे मला त्या दिवशी कळले. राणी लक्ष्मीबाई या पुस्तकात देवघरातल्या तसबिरीसारखी नाही. तहानलेली, धुळीने माखलेली, विहिरीवर भटजींच्या हातचे पाणी न घेता स्वतः पोहरा ओढू पाहणारी बाई आहे. आणि एवढे लुटले गेल्यावरही हे गृहस्थ आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून कोकणात घेऊन आले. असे पुस्तक पुरुषांचेच कसे?

राजकारणाविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर घरोघरी पुरेसे बोलले जाते. मी रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचले. ते अठराव्या शतकाच्या आरंभीचे, भाषा जुनी, चार वेळा वाचावे लागते. किल्ले कसे राखावेत, टोपीकरांना समुद्रकाठी जागा का देऊ नये, हे त्यात आहे. मला मात्र लक्षात राहिले ते झाडांचे. आरमाराला लाकूड लागते, पण रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती माणसांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. राज्य चालवणे म्हणजे असले बारीक हिशेबही आले. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा आपल्याला राखीव आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. पण बाई निवडून येते आणि खुर्चीवर तिचे यजमान बसतात, हे आपण पाहतो. (यजमानांनी राग मानू नये.) पंचायतीचा कायदा सोप्या मराठीत मिळतो, तो कपाटात हवाच.

आता मुडद्यांकडे वळते.

सुश्रुतसंहितेत शरीर कसे पाहावे ते सांगितले आहे. प्रेत मुंज गवत, कुश वगैरेंनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, संथ वाहत्या पाण्यात आडजागी ठेवायचे. सात रात्रींनी ते मऊ झाले की वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचीने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. जो वाळा आपण उन्हाळ्यात माठात टाकतो, तोच. सुश्रुत हाडे तीनशे सांगतो, चरक तीनशे साठ, आजचे डॉक्टर २०६. खोटे कोणीच नाही, मोजण्याची रीत वेगळी. जुन्या लोकांनी दातही हाडांत धरले होते.

युरोपात तेराशे वर्षे गेलन नावाच्या वैद्याचे म्हणणे प्रमाण होते. त्याने माकडे, डुकरे फाडून पाहिली आणि तेच माणसाचे म्हणून सांगितले. मग १५४३ साली वेसालियस नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने स्वतः प्रेते फाडून, चित्रांसह मोठा ग्रंथ बाझेल शहरी छापला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे, असे त्याने दाखवले. त्या ग्रंथाच्या पहिल्या पानावरचे चित्र मी पाहिले आहे. मेजावर एका बाईचे प्रेत उघडलेले आणि भोवती पुरुषांची ही दाटी! शरीर आपले, आणि पाहायला सगळे दुसरेच.

हसू नका, कारण हे चित्र अजून पुसलेले नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांची गर्भाशये काढली जातात, याचा बोभाटा २०१९ साली झाला. सरकारने समिती नेमली. ब्याऐंशी हजारांहून अधिक बायांची पाहणी झाली, त्यांत साडेतेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पोट दुखते, अंगावरून जाते, काढून टाका. रजा घेतली तर मजुरी बुडते, मुकादमाला दंड भरावा लागतो, म्हणून बायाही तयार होत. पण आपल्या पोटातून नेमके काय गेले, हे त्यांतल्या किती जणींना कोणी सांगितले असेल?

मलाही दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तेच सुचवले. तेव्हा शरीररचनेचे एक मराठी पुस्तक मी वाचनालयातून आणलेले होते. गर्भाशय उलट्या नासपतीएवढे असते, पुढे मूत्राशय, मागे मलाशय, दोन्ही बाजूंना बदामाएवढी बीजकोशे, आणि तीही काढली तर पाळी तत्काळ जाते व हाडे लवकर झिजतात, एवढे मला ठाऊक होते. मी विचारले, “बीजकोशे ठेवणार की काढणार? आणि गोळ्यांनी भागत नाही का?” डॉक्टर माझ्याऐवजी आमच्या यजमानांकडे पाहू लागले. आम्ही उठून दुसरीकडे दाखवले. लहान गाठ निघाली, औषधावर थांबली. सगळ्यांचेच असे होईल असे नाही. काही जणींना शस्त्रक्रिया करावीच लागते, त्यांनी ती जरूर करावी. विचारून करावी, इतकेच.

पुस्तकांची यादी मी चिटणीसबाईंकडे दिली आहे. शरीराचे पुस्तक रंगीत चित्रांचे घ्यावे, थोडे महाग पडले तरी. ते कपाटात मागे लपवून ठेवायचे नाही आणि मुलींनी मागितले तर नाही म्हणायचे नाही, एवढी अट ठरावात घालावी अशी माझी सूचना आहे. ‘माझा प्रवास’ची माझी प्रत आज पिशवीत आणली आहे. चहाच्या वेळी ज्या आधी येतील त्यांना देईन. पंधरा दिवसांत परत करावी.