मिडलच्या वर्गातील गणित

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कामठी येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी दहावी-बारावीत यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा गौरव होतो. त्यांची नावे वाचली जातात, टाळ्या पडतात, आईबापांचे डोळे पाणावतात. आणि ते योग्यच आहे. तथापि वर्गात खडू हाती धरून आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाचे लक्ष त्या यादीत नसलेल्या नावांकडे जाते. ही मुले मागे पडली ती कोठे? लोक म्हणतात, दहावीच्या गणितात. आमचा अनुभव निराळा आहे. दहावीत ती केवळ उघडी पडली. त्यांची वाट चुकली होती ती सहावी-सातवीत, ज्या वर्गांना आपल्या भागातील जुनी माणसे अजूनही 'मिडल' म्हणतात त्या वर्गांत. त्या वेळी घरात कोणाच्या ते ध्यानीही आले नव्हते. म्हणून कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सुचविला: मिडलच्या वर्गात मुलाच्या पुढे कोणते गणित येते, आणि पालकांनी कशाची अपेक्षा ठेवावी.

चौथीपर्यंतचे गणित आपणा सर्वांच्या ओळखीचे असते. बेरीज, वजाबाकी, पाढे. प्रश्न आला की उत्तर काढावयाचे. आई स्वयंपाक करता करता पाढे म्हणवून घेऊ शकते. सहावीत हाच विषय आपले रूप पालटतो आणि नाव मात्र तेच ठेवतो. आता केवळ उत्तर पुरत नाही. दोन गोष्टींमधील संबंध ओळखावा लागतो. एक साधा प्रयोग घरी करून पाहावा. कागदावर 'पाच अधिक तीन बरोबर' असे लिहावे, पुढे एक रिकामी चौकट काढावी आणि चौकटीनंतर 'अधिक दोन' लिहावे. चौकटीत कोणता आकडा येईल, असे पाचवी-सहावीच्या मुलास विचारावे. पुष्कळ मुले आठ लिहितात. उत्तर सहा आहे. 'बरोबर' या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिही' असा नसून 'दोन्ही पारडी सारखी' असा आहे, हे त्यांना उमगलेले नसते. प्राथमिक वर्गात त्यावाचून त्यांचे अडले नाही. पुढे समीकरण आले की पहिल्याच दिवशी अडते.

आपल्या कामठीच्या मुलाची आणखी एक अडचण आहे. १८२१ साली येथे इंग्रजांची छावणी वसली, मद्रासी पलटणी आल्या, त्यांच्यामागून तेलुगू-तमिळ कुटुंबे आली. हिंदी आणि उर्दू तर बाजारात पदोपदी. त्यामुळे आपले मूल भाजीवाल्याकडे 'उनतीस' ऐकते, घरी 'एकोणतीस' म्हणते, आणि शाळेत सेमी-इंग्रजी असले तर 'ट्वेंटी-नाइन' लिहिते. मराठी संख्यानामे मुळातच अवघड आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन सुचविले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उडाला होता! त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील विचार शांतपणे मांडला होता. थट्टा करणाऱ्यांनी लहान मुलास 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत गोंधळताना बहुधा पाहिले नसावे. असो. सांगावयाचे ते एवढेच की, मूल आकडा चुकीचा बोलले म्हणजे त्यास गणित येत नाही असे नव्हे. त्यास तो आकडा लिहावयास सांगावे, म्हणजे खरे काय ते कळते.

आता वर्गात शिरू. प्रथम अपूर्णांक. आपल्यापैकी जे सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकलेली असेल. सोळा पाऊणे बारा, आठ अडीच वीस, ही उत्तरे त्यांच्या जिभेवर असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढील वर्षापासून मापेही पालटू लागली, आणि आणे-पायल्यांसाठी घडविलेले ते पाढे मागे पडले. त्यांच्यासाठी हळहळणारी मंडळी पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. पाठ असणे ही सोय आहे, समजणे ही वेगळी गोष्ट. सहावीतील मुलास विचारले जाते: सहा वार कापडातून पाऊण वाराचे तुकडे किती निघतील? सहास पाऊणने भागावयाचे, उत्तर आठ. मूल चमकते. भागाकार केला आणि उत्तर वाढले! आजवर भागाकाराने संख्या लहान होते, अशी त्याची खात्री होती. येथे शिक्षकाने घाईने 'खालचा आकडा वर घे आणि गूण' असे सांगितले की उत्तर येते, परंतु शंका पोटात राहते. अशा दहा शंका साठल्या की मूल गप्प बसावयास शिकते. कात्रीने कापड न कापताही, कागदाची पट्टी दुमडून ते आठ तुकडे दाखविता येतात. त्यास पाच मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट ऋण संख्यांची. वर्गात बहुधा बर्फाळ प्रदेशातील शून्याखालचे तापमान सांगतात. वैशाखात पंचेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या आपल्या मुलास ते परक्या देशातील कथेसारखे वाटते. वस्तुतः 'ऋण' म्हणजे कर्ज, हे त्या शब्दातच आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त धन आणि ऋण याच भाषेत या संख्यांचे नियम सांगितले आहेत. कर्ज कशास म्हणतात हे मागावर पोट भरणाऱ्या घरातील मुलास कोणी शिकवावे लागत नाही. मात्र सातवीत 'ऋण गुणिले ऋण बरोबर धन' असे येते, तेथे मोठेही अडखळतात. त्याचा उलगडा असा. ऋण चार त्रिक ऋण बारा. ऋण चार दुणे ऋण आठ. ऋण चार एके ऋण चार. ऋण चार शून्ये शून्य. प्रत्येक पायरीस उत्तर चाराने वाढत आहे. आता ऋण एकाने गुणले, म्हणजे आणखी एक पायरी उतरलो, तर उत्तर पुन्हा चाराने वाढून धन चार झालेच पाहिजे. कोणी फर्मान काढले म्हणून नव्हे. रांग मोडू नये म्हणून.

तिसरी गोष्ट अक्षरांची. भास्कराचार्यांच्या काळी अज्ञात संख्येस 'यावत्-तावत्', म्हणजे जेवढे तेवढे, असे नाव होते. दुसरी अज्ञात आली की कालक, नीलक अशी रंगांची नावे. आज एक्स आणि वाय आहेत. मुले 'तीन ए अधिक दोन बी' याचे उत्तर 'पाच एबी' असे हमखास लिहितात. कित्येक शिक्षक त्यावर सांगतात, तीन धोटे आणि दोन फण्या मिळून पाच 'धोटाफण्या' होतात काय? वर्ग हसतो, चूक तात्पुरती सुधारते. आम्हीही वर्षानुवर्षे असेच सांगत आलो, आणि ते सदोष होते. कारण अक्षर म्हणजे धोटा नव्हे; ते संख्येच्या जागी उभे असते, जसे धोट्याचे मोल. धोट्यास वस्तू समजलेले मूल पुढे 'ए गुणिले बी' पाहून भांबावते, कारण धोट्यास फणीने गुणणार कसे?

येथे आमच्याच एका चुकीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. सातवीत समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण हा पाठ आहे. समप्रमाण मुलांस चटकन समजते: हजार बिड्यांस अमुक मजुरी, तर दोन हजारांस दुप्पट. व्यस्तप्रमाणासाठी पुस्तकात मजूर आणि दिवस यांची उदाहरणे असतात. त्या दिवशी, विणकरांची मुले समोर आहेत म्हणून, आम्ही सहज विचारले: वीस नंबरचे सूत जाड की चाळीस नंबरचे? सारा वर्ग एका आवाजात म्हणाला, चाळीस नंबरचे. मागच्या बाकावरील एक मुलगा मोठ्याने हसला. आम्ही त्यास उद्धट समजून उभे केले आणि कारण विचारले. 'चाळीस बारीक असते' एवढेच तो म्हणाला. का ते त्यास सांगता येईना. आम्ही त्यास तासभर उभे ठेवले. त्याचे उत्तर बरोबर होते हे आम्हांस ठाऊक होते, आणि तरीही.

दुसऱ्या दिवशी तो आजोबांना घेऊन आला. त्यापूर्वी त्याचे वडील आम्हांस भेटून गेले होते आणि 'गुरुजी, आमच्या घरात कोणालाच गणित येत नाही, याच्याकडून काय होणार' असे त्याच्यादेखत म्हणाले होते. म्हातारबोवांनी पिशवीतून सुताच्या दोन लडी काढून टेबलावर ठेवल्या आणि हिशेब सांगितला. सुताचा नंबर म्हणजे एक रत्तल वजनात आठशेचाळीस वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबरच्या रत्तलभर सुताची लांबी १६,८०० वार. चाळीस नंबरची ३३,६०० वार. वजन तेच, लांबी दुप्पट, म्हणून सूत निम्म्या वजनाचे, बारीक. नंबर वाढला की लडीचे वजन घटते. वीस लडी असोत की चाळीस, मिळून रत्तलच. आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले: नंबर आणि एका लडीचे वजन. वीस आणि रत्तलाचा विसावा भाग. चाळीस आणि चाळिसावा. साठ आणि साठावा. प्रत्येक ओळीतील गुणाकार एक. व्यस्तप्रमाणाची पुस्तकातील व्याख्या याहून निराळी नाही.

आम्ही म्हातारबोवांना म्हटले, 'बाबा, तुम्ही आज आमच्या वर्गाला गणित शिकविले.' ते म्हणाले, 'हे गणित कुठचं गुरुजी, हा तर आमचा सुताचा हिशेब.' १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. तेव्हापासून गिरणीच्या सुताचे नंबर आपल्या घरांत बोलले जात आहेत. त्यास गणित म्हणतात हे मात्र आपणांस कोणी सांगितले नाही, आणि वर्गात बसलेल्या आपल्या मुलासही नाही. त्या मुलाची क्षमा आम्ही वर्गासमोर मागितली. वडिलांनी ते वाक्य पुन्हा त्याच्यादेखत उच्चारू नये, एवढे मात्र आम्ही घरी जाऊन सांगून आलो.

सेमी-इंग्रजीविषयी पुष्कळांनी विचारले आहे. मराठी शाळेतच गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची ही सोय आहे. आमचे मत असे की, मूल उदाहरणातील वाक्य वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगू शकत असेल तर अवश्य घ्यावे; आकडे तेवढे उचलून वाटेल ती क्रिया करीत असेल तर थांबावे. घेतल्यास घरी 'अपूर्णांक', 'व्यस्तप्रमाण', 'परिमिती' हे शब्दही चालू ठेवावेत. 'व्यस्त' म्हणजे उलटे हे कळले की अर्धे समजते. 'इन्व्हर्स' या शब्दातून आपल्या मुलास काही दिसत नाही.

परीक्षांकडे पाहता, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात ठेवणे बंद केले. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा व तीत न टिकल्यास पुनर्परीक्षा असा नियम आला. सहावी आणि सातवीस असा अडसर नाही. म्हणजे ज्या दोन वर्षांत पाया हलतो, नेमकी तीच दोन वर्षे घंटा न वाजता निघून जातात. प्रगतिपुस्तकातील श्रेणी पाहून निश्चिंत होऊ नये. आठवड्यातून एकदा मुलाची वही उघडून एक सोडविलेले उदाहरण दाखवावे आणि 'हे असे का केलेस' एवढेच विचारावे. उत्तर आपणांस कळले पाहिजे असे नाही. ते सांगू लागले पाहिजे. आता मोबाइलसमोर उदाहरण धरले की उत्तर पायऱ्यांसह उमटते. तेव्हा स्वच्छ उतरविलेली वही हा पुरावा उरलेला नाही. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक आस्थेने विचारावा. नीटनेटकी वही आणि गप्प बसणे यांवर त्यांना 'हुशार' म्हणून पुढे ढकलले जाते आणि अडलेले कोणी पाहत नाही.

शेवटी पैशाची एक गोष्ट. केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे; तिची परीक्षा आठवीत होते. एक पेपर बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० गुणांचे. गणित दुसऱ्यात थेट आणि पहिल्यात आडवळणाने येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे, आणि मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या अथवा अनुदानित शाळेत असावे. विनाअनुदानित शाळेत घातलेल्या मुलास ती मिळत नाही, हे नाव काढण्यापूर्वी ध्यानी घ्यावे. सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात. म्हणून आठवीत जागे होऊन उपयोग नाही. अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. ज्यांच्या घरी यंदा सातवीत मूल आहे, त्यांनी उद्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांस एवढे विचारावे की, गेल्या वर्षी या शाळेतून किती मुले बसली होती. आकडा शून्य आला, तर आमच्याकडे यावे. त्या शाळेत आपण बरोबर जाऊ.