सगळं वयावर ढकलू नका
(मंदिरातील ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मेंदूतली गाठ म्हटलं की पोटात गोळा येतो. पण अशा गाठी फार जणांना होत नाहीत आणि प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मेंदूच्या आवरणातली मेनिंजिओमा बहुधा साधी असते, हळूहळू वाढते आणि उतारवयातल्या स्त्रियांत जास्त आढळते.

अडचण एवढीच की तिची लक्षणं म्हातारपणासारखी दिसतात. मी तपासलेल्या एका आजींचं वर्षभर कशातच लक्ष लागत नव्हतं. घरचे म्हणाले, वय झालं. एमआरआयमध्ये कपाळामागे गाठ दिसली. ती काढल्यावर आजी पुन्हा देवपूजा करू लागल्या.

नवी, वाढत जाणारी डोकेदुखी, सकाळी जास्त, सोबत उलट्या. बोलण्यात, दिसण्यात, स्वभावात हळूहळू पडणारा फरक, हे जीपींना लवकर सांगा. आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, किंवा अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर थेट ९९९.

पाठ आपल्या सगळ्यांचीच दुखते. पण आडवं झाल्यावर वाढणारी, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी दुखत असेल आणि पूर्वी कर्करोग झाला असेल, तर त्याच दिवशी कळवा. पायातली शक्ती जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसायची जागा बधिर होणं, यात उद्यावर टाकू नका. ए अँड ई गाठा. चालता येत असतानाच उपचार मिळाले, तर चालणं टिकण्याची आशा जास्त.

उपचार गाठीप्रमाणे ठरतात: शस्त्रक्रिया, रेडिओथेरपी, काहींना केमोथेरपी. लहान मेनिंजिओमावर कधी नुसतं स्कॅन करून लक्ष ठेवतात. सूज उतरवायला स्टिरॉइड देतात; त्यानं साखर वाढते, पण गोळ्या मनानं बंद करू नका.

इंग्रजी अडत असेल, तर एनएचएसमध्ये दुभाषा मोफत मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच मागा.

आता एक विनंती. रेडिओथेरपीला बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे जावं लागतं आणि फिट आलेल्या माणसाला गाडी चालवता येत नाही. ज्यांना एखादी सकाळ देता येईल, त्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवावं. पेट्रोलचा खर्च ज्यांना जड जातो, त्यांच्यासाठी कल्याण निधीच्या पेटीत यथाशक्ती टाकावं.

आणि ज्येष्ठांनो, मुलांना त्रास नको म्हणून दुखणं लपवू नका. उशिरा कळलं, तर त्रास मुलांनाच जास्त होतो.